नागपूरचा विषाणू, क्रमांक ६५३५१४

आमच्या स्मरणिकेत इतिहासाचे पान म्हटले की विषय बहुधा ठरलेले असतात. लांजीचा किल्ला, नागपूरकर भोसल्यांचा अंमल, १८६७ साली बालाघाट जिल्हा झाला ती हकीकत, नाहीतर गोंदियाहून निघणाऱ्या छोट्या रेल्वेच्या आठवणी. यंदा आम्ही जरा वेगळ्या वाटेने जाणार आहोत. छोटी रेल्वे मात्र याही लेखात येईल, तिच्यावाचून आमचे पान पुरे होत नाही.

विषय आहे एका विषाणूचा. त्याचे नाव चांदीपुरा. हे नाव ऐकले की अनेकांना ओडिशाचा समुद्रकिनारा आणि क्षेपणास्त्रांच्या चाचण्या आठवतात. ते चांदीपूर वेगळे. आपले चांदीपुरा नागपूरकडचे आहे आणि तिथलेच नाव या विषाणूला मिळाले आहे. जगभरच्या प्रयोगशाळांत, न्यू जर्सीत, क्लीव्हलंडमध्ये, कोलकात्यात, हे नाव गेली कित्येक दशके रोज उच्चारले जाते. ज्या मुलखात तो सापडला त्या मुलखातल्या आपल्यासारख्यांना मात्र त्याची ओळख झाली ती २००३ साली, वर्तमानपत्रांत लहान मुलांच्या मृत्यूचे आकडे येऊ लागले तेव्हा. मधल्या अडतीस वर्षांत त्याचे काय झाले, कोणी त्याला जपले, कोणी त्याचा अभ्यास केला आणि त्या अभ्यासाचा उपयोग झाला की नाही, हे आम्हाला सांगायचे आहे.

१९६५ साली नागपुरात तापाची मोठी साथ आली. सांधे धरणारा, माणसाला वाकवून टाकणारा ताप. नागपूर तोवर आपली राजधानी राहिली नव्हती, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते पलीकडे गेले होते. पण सोयरीक, दवाखाना, कॉलेज, लग्नाची खरेदी, सगळे नागपूरलाच. त्यामुळे तिकडची साथ म्हणजे इकडच्या घरांना धाकधूक, असा तो काळ. साथीचे मूळ शोधायला पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरची माणसे नागपुरात आली.

या संस्थेबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि अमेरिकेचे रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून १९५२ साली ती पुण्यात काढली. डासांनी, गोचिडांनी, माश्यांनी पसरणारे विषाणू शोधायचे, हे तिचे मुख्य काम. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली तेव्हा टेलफोर्ड वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्यासानूर जंगल-रोगाचा विषाणू शोधला, तो याच संस्थेतून. १९७८ पासून ती राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, म्हणून ओळखली जाते. कोविडच्या दिवसांत हे नाव आपण सगळ्यांनीच ऐकले.

नागपूरच्या साथीत बहुतेक रोग्यांच्या रक्तात निघाला तो चिकुनगुनियाचा विषाणू. १९६३ साली कलकत्त्यात, १९६४ साली मद्रासमध्ये आणि १९६५ साली नागपुरात, असा त्याचा प्रवास झाला होता. एफ. एम. रॉड्रिग्ज, पाटणकर, कल्याण बॅनर्जी, प्रवीण भट्ट, खुर्शीद पावरी अशा मंडळींनी त्या साथीचा अहवाल पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत छापला. पण दोन रोग्यांच्या रक्तातून काही वेगळेच हाती लागले. चिकुनगुनिया नाही, डेंगी नाही, तोवर माहीत असलेल्या कशाशीही जुळत नाही असा विषाणू. भट्ट आणि रॉड्रिग्ज यांनी १९६७ साली इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये तो नवा विषाणू म्हणून जाहीर केला आणि त्याला चांदीपुरा हे नाव दिले. संस्थेच्या दप्तरी त्याला मिळालेला क्रमांक ६५३५१४. पुण्याच्या पद्धतीत पहिले दोन आकडे सालाचे असतात. आजही या विषाणूवरच्या शोधनिबंधांत हा क्रमांक अनेकदा दिसतो, कारण मूळ वाण तोच.

त्या दोघांनी आणखी एक गोष्ट पाहिली. देशाच्या निरनिराळ्या भागांतल्या लोकांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आधीच होती. म्हणजे तो नवा फक्त शास्त्राला होता, लोकांच्या अंगात कधीचाच येऊन गेला होता. आणि तो येऊन जातो तेव्हा साधा ताप येतो, जातो. असेच तेव्हा दिसले.

मग तो बाजूला पडला. १९७० साली धांडा, रॉड्रिग्ज आणि घोष यांनी औरंगाबादेत पकडलेल्या वाळूमाश्यांमध्ये तो शोधून काढला, तेव्हा त्याचे वाहन कळले. वाळूमाशी म्हणजे डासाहूनही लहान, केसाळ अंगाची, उड्या मारल्यासारखी उडणारी माशी. मातीच्या भिंतींच्या भेगा आणि गुरांचे गोठे ही तिची घरे. आफ्रिकेतही, सेनेगलच्या वाळूमाश्यांत आणि नायजेरियाच्या साळूसारख्या काटेरी हेजहॉगमध्ये, हाच विषाणू निघाला. हे सारे नोंदवले गेले, पण रोगच किरकोळ म्हटल्यावर त्याच्यावर पैसा कोण घालणार? त्या काळच्या संशोधकांना आम्ही दोष देत नाही. देशात देवी होती, कॉलरा होता, पोलिओ होता.

एक इशारा मात्र आला होता आणि तो आपल्याच राज्यातून आला होता. १९८० साली मध्य प्रदेशात मेंदूवर आघात झालेल्या एका रोग्याच्या रक्तातून चांदीपुरा विषाणू मिळाला. जे. जे. रॉड्रिग्ज (हे दुसरे रॉड्रिग्ज), आपल्याकडचे काही डॉक्टर आणि पुण्याच्या डॉ. खुर्शीद पावरी यांनी १९८३ साली तो निबंध छापला. डॉ. पावरी तेव्हा एनआयव्हीच्या संचालक होत्या. एकाच रोग्यावरून ठाम निष्कर्ष निघत नाही, तोही काढला गेला नाही. निबंध ग्रंथालयात गेला. आज मागे वळून पाहताना तो वाचला की चुटपुट लागते, एवढेच आम्ही म्हणतो.

आता इथून आपल्याला एकदम अमेरिकेत जायचे आहे. कारण ज्या काळात भारतात चांदीपुरा विषाणू किरकोळ ठरला होता, त्याच काळात न्यू जर्सीतल्या नटली गावी एका बंगाली माणसाने त्याच्या कुळाचा अभ्यास चालवला होता. त्यांचे नाव अमिय बॅनर्जी. (पुण्याचे कल्याण बॅनर्जी वेगळे.) रोश इन्स्टिट्यूट ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी या संस्थेत ते व्हीएसव्ही नावाच्या विषाणूवर काम करत होते. अमेरिकेत गुराढोरांच्या, घोड्यांच्या तोंडात फोड आणणारा हा विषाणू आणि आपला चांदीपुरा हे चुलतभाऊ. दोघांचाही आकार बंदुकीच्या गोळीसारखा, एका टोकाला गोल, दुसऱ्या टोकाला सपाट. दोघांच्याही पोटात आरएनएचा एकच धागा, सुमारे ११,००० अक्षरांचा, त्यात फक्त पाच जनुके.

इथे थोडे शास्त्र येणार. ज्यांना नको त्यांनी पुढची काही परिच्छेदे ओलांडून जावीत, पण आमचा सल्ला वाचावीत असाच आहे, कारण खरी मौज तिथेच आहे.

रबरी शिक्क्यावरची अक्षरे उलटी असतात. कागदावर उमटल्यावरच ती वाचता येतात. या विषाणूंचा आरएनए तसा उलटा असतो. आपल्या पेशीला तो वाचताच येत नाही. नुसता तो धागा पेशीत सोडला तर काही होत नाही. म्हणून विषाणू आपला छापखाना बरोबर घेऊनच पेशीत शिरतो. १९७० साली डेव्हिड बाल्टिमोर, ॲलिस ह्वांग आणि मार्था स्टॅम्फर यांनी व्हीएसव्हीच्या आत हा छापखाना, म्हणजे आरएनएवरून आरएनए छापणारे विकर, असल्याचे दाखवले. त्यानंतरची चाळीस वर्षे अमिय बॅनर्जी यांनी त्या छापखान्यातून निघणारे कागद कसे दिसतात आणि यंत्र कसे चालते हे पाहण्यात घालवली.

त्यांना पहिली चमत्कारिक गोष्ट दिसली ती १९७५ साली, त्या कागदाच्या माथ्यावर. पेशीला वाचायच्या आरएनएच्या सुरुवातीला एक टोपी असते. ती नसेल तर पेशी तो संदेश वाचत नाही आणि तो लवकर नष्टही होतो. कोविडच्या वेळी परदेशांत दिलेल्या एमआरएनए लशींच्या रेणूंनाही अशी टोपी बसवावी लागली होती. टोपीचा शोध त्याच सुमारास, त्याच नटलीच्या संस्थेत शॅट्किन आणि फुरुइची यांनी दुसऱ्या एका विषाणूवर काम करताना लावला. टोपी म्हणजे जी नावाचे एक अक्षर, संदेशाच्या पहिल्या अक्षराला तीन फॉस्फेटांच्या साखळीने उलटे जोडलेले. आपल्या पेशीत या तीन मण्यांपैकी एक टोपीच्या बाजूने येतो आणि दोन संदेशाच्या बाजूने. बॅनर्जी, अब्राहम आणि ऱ्होड्स यांनी किरणोत्सारी फॉस्फरसची खूण लावून पाहिले, तर व्हीएसव्हीत हिशेब उलटा. दोन मणी टोपीकडून, एक संदेशाकडून. दिसायला टोपी तीच, शिवण वेगळी. याचा अर्थ ती शिवणारा शिंपीही वेगळा असला पाहिजे. तो कोण, हे मात्र १९७५ साली कळले नाही. या प्रश्नाची आठवण ठेवावी, तो लेखाच्या शेवटी परत येईल.

दुसरी गोष्ट छापण्याच्या क्रमाची. ती समजावून सांगायला आमची छोटी गाडी फार उपयोगी आहे. बंगाल नागपूर रेल्वेने टाकलेल्या त्या अरुंद रुळांवरून गाडी गोंदियाहून निघून बालाघाट, लामटा, नैनपूर करत जबलपूरला जायची. आता ब्रॉडगेज झाली, पण ज्यांनी त्या गाडीतून प्रवास केला त्यांना तिचा वेग आणि प्रत्येक ठेसनावरचा पसारा आठवत असेल. समजा, असा नियम केला की गाडीत चढायचे ते फक्त गोंदियाला. पुढच्या प्रत्येक ठेसनावर गाडी थांबेल, काही माणसे उतरतील, नवे कोणी चढणार नाही. तर जबलपूरला पोचेपर्यंत गाडी जवळजवळ रिकामी. या विषाणूचे यंत्र असेच चालते. धाग्याच्या एका टोकालाच ते चढते. पहिले जनुक छापते, थांबते, त्यातली काही यंत्रे तिथेच गळतात, उरलेली दुसरे छापतात. एन, पी, एम, जी आणि एल ही पाच जनुके म्हणजे गोंदिया ते जबलपूर पाच ठेसने धरावीत. एनच्या प्रती सर्वांत जास्त, एलच्या सर्वांत कमी. विषाणूची गरजही नेमकी तशीच असते. एन प्रथिन धाग्याला अंगभर गुंडाळून ठेवते. २००६ साली व्हीएसव्हीच्या एन प्रथिनाची रचना उलगडली तेव्हा दिसले की एक रेणू नऊ अक्षरे पकडतो. अकरा हजार अक्षरे झाकायला बाराशेच्या वर रेणू लागतात. उलट एल म्हणजे छापखान्याचे यंत्रच, ते थोडे असले तरी भागते.

१९८७ साली पॉल मास्टर्स आणि अमिय बॅनर्जी यांनी चांदीपुरा विषाणूच्या पहिल्या दोन जनुकांची अक्षरे वाचून छापली. १९८९ साली त्यांच्या गटाने आणखी काही सहकाऱ्यांसह जी जनुकाचीही छापली. नागपूरच्या रोग्याच्या रक्तातून निघालेला विषाणू असा न्यू जर्सीत अक्षर अक्षर वाचला गेला. त्यांचा हेतू रोग बरा करण्याचा नव्हता. चुलतभावांची तुलना करून यंत्राचे कोणते भाग बदलत नाहीत ते पाहायचे होते, कारण जो भाग बदलत नाही तोच कामाचा. पी जनुकाची अक्षरे दोघांत फार वेगळी निघाली, आणि तरी काम तेच. हे कोडे त्यांना जास्त महत्त्वाचे वाटले.

ते कोडे पुढे कोलकात्यात आले. ध्रुवज्योती चट्टोपाध्याय हे अमेरिकेत बॅनर्जींबरोबर व्हीएसव्हीच्या पी प्रथिनावर काम करत होते. १९८७ साली दोघांनी मिळून सेल या नियतकालिकात निबंध छापला होता. परत आल्यावर कलकत्ता विद्यापीठाच्या जीवरसायन विभागात त्यांनी आपला गट उभा केला आणि अभ्यासाला विषाणू घेतला तो भारतातलाच, चांदीपुरा. १९९० च्या दशकात, या विषाणूने कोणी मरते असे कोणी मानत नसताना, कोलकात्याची ती मुले-मुली त्याच्या आरएनएच्या सुरुवातीच्या पन्नासेक अक्षरांवर वर्षेच्या वर्षे काम करत होती.

त्या पन्नास अक्षरांना लीडर म्हणतात. पहिल्या जनुकाच्याही आधीचा हा तुकडा. त्यातून प्रथिन होत नाही, वरवर पाहता तो फुकटचा. पण गाडीचा सारा कारभार तिथे ठरतो. विषाणूला दोन कामे करायची असतात. आधी पाच जनुकांच्या सुट्या प्रती हव्यात, त्यासाठी पॅसेंजर गाडी, प्रत्येक ठेसनावर थांबणारी. मग पुढच्या पिढीसाठी अख्ख्या धाग्याची अखंड नक्कल हवी, त्यासाठी एक्स्प्रेस, मध्ये कुठेच न थांबणारी. रूळ तेच, इंजिन तेच. मग पॅसेंजरची एक्स्प्रेस कोण करते? चट्टोपाध्याय आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दाखवले की पी प्रथिनाला फॉस्फेटचा बिल्ला लागलेला असेल तर गाडी पॅसेंजर चालते. बिल्ला नसलेले पी मात्र लीडरच्या तुकड्याला जाऊन चिकटते आणि तिथून एक्स्प्रेसची शक्यता निर्माण होते. गंमत अशी की हा बिल्ला लावणारे विकर विषाणूचे नसतेच, ते आपल्याच पेशीतले असते. घरचाच कारकून चोराच्या गाडीला परवाना देतो आहे! सौमेन बसाक आणि सहकाऱ्यांचा लीडर आणि पी यांच्या या नात्यावरचा निबंध छापून आला त्याचे साल २००३.

आणि २००३ च्याच पावसाळ्यात आंध्र प्रदेशात मुले मरू लागली.

जून ते ऑगस्टच्या दरम्यान तिथे ३२९ मुलांना हा आजार झाला आणि त्यांतली १८३ गेली. संध्याकाळी खेळणारे मूल रात्री तापाने फणफणायचे, ओकायचे, झटके यायचे, शुद्ध हरपायची. कित्येक मुले दवाखान्यात आणल्यावर चोवीस तासही राहिली नाहीत. बहुतेक खेड्यांतली, गरीब घरांतली. आधी जपानी मेंदूज्वराचा संशय घेतला गेला. तो निघाला नाही. नमुने पुण्याला एनआयव्हीत गेले. बी. एल. राव, अतनु बसू, निवेदिता वैरागकर, मिलिंद गोरे, विद्या अरणकल्ले, अखिलेश मिश्रा आणि त्यांचे सहकारी कामाला लागले. विषाणू पेशींत वाढवला, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर समोर बंदुकीच्या गोळीचा आकार. मग त्याच्या आरएनएची अक्षरे तपासली. ती जुळली १९६५ च्या नागपूरच्या विषाणूशी. लॅन्सेटमध्ये २००४ साली हे सगळे प्रसिद्ध झाले.

इथे आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. विषाणूच्या आरएनएची तपासणी करायची तर त्याची थोडी तरी अक्षरे आधी माहीत असावी लागतात, म्हणजे त्यांवर बेतलेले छोटे तुकडे टाकून तो नमुन्यात आहे की नाही ते पाहता येते. ती अक्षरे १९८७ आणि १९८९ साली छापली गेली होती, कोणत्याही साथीची चाहूल नसताना. जुळवून पाहायला मूळ वाण पुण्याच्या शीतपेटीत अडतीस वर्षे जपून ठेवलेला होता. या दोन गोष्टी नसत्या तर ‘अज्ञात ताप’ म्हणून किती दिवस गेले असते कोण जाणे. निरुपयोगी संशोधनावर पैसा कशाला, असा प्रश्न आपल्या बैठकांतही निघतो. ज्यांना तो पडतो त्यांच्यापुढे आम्ही हे प्रकरण ठेवतो.

पण दुसरी बाजूही तितकीच सांगितली पाहिजे. आजाराचे नाव कळले, मुले वाचली नाहीत. विषाणूच्या पॅसेंजर-एक्स्प्रेसचे बारकावे माहीत असून एकाही डॉक्टरच्या हाती त्या वर्षी औषध नव्हते. काही बालरोगतज्ज्ञांनी तर हा मेंदूज्वरच नव्हे, मेंदूच्या रक्तवाहिन्यांवरचा आघात आहे, असे लिहिले आणि बराच वाद झाला. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या पूर्वेकडेही रोगी निघाले. २००४ साली गुजरातच्या पूर्व भागात साथ आली, रोगी थोडे पण त्यांतले तीन-चतुर्थांशांहून अधिक दगावले. २००७ साली तो परत घरी आला, नागपूर विभागात. नागपूर, भंडारा, गोंदिया हे आपले शेजार. नदी तीच वैनगंगा, मातीच्या भिंती त्याच, गोठे तेच. राज्याची हद्द नकाशावर आणि कागदोपत्री आहे, वाळूमाशीला ती कोणी दाखवलेली नाही. २००४ नंतर मोठी म्हणावी अशी साथ पुन्हा गुजरातेतच आली, २०२४ साली. जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत मेंदूच्या तीव्र आजाराचे २४५ रोगी आणि ८२ मृत्यू. त्यांपैकी ६४ जणांत चांदीपुरा विषाणू सिद्ध झाला.

आता १९७५ च्या त्या टोपीकडे. अमिय बॅनर्जी १९८७ साली क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये गेले आणि तिथेही त्यांनी तोच प्रश्न सोडला नाही. बत्तीस वर्षांनी, २००७ साली, तोमोआकी ओगिनो यांच्याबरोबर त्यांनी उत्तर छापले. टोपी शिवणारा शिंपी म्हणजे छापखान्याचे यंत्रच, ते एल प्रथिन. आपल्या पेशीत संदेश तयार असतो आणि त्याच्यावर टोपी ठेवली जाते. इथे उलट होते. एल प्रथिन संदेशाचे टोक आधी स्वतःच्या अंगाला जोडून घेते आणि मग ते दोन मण्यांच्या जी अक्षराच्या हाती सोपवते. म्हणून दोन मणी टोपीकडचे, एक संदेशाकडचा. १९७५ चा हिशेब अखेर लागला. तरुणपणी पडलेला प्रश्न म्हातारपणी त्याच माणसाने सोडवावा, असे शास्त्रात क्वचित घडते. या एकाच गोष्टीसाठी आम्हाला हे चरित्र मोठे वाटते.

आणि २०१० साली ओगिनो-बॅनर्जी यांनी हेच काम ज्या विषाणूच्या एल प्रथिनावर परत करून दाखवले, तो विषाणू होता चांदीपुरा. त्या अवाढव्य प्रथिनात शेजारी शेजारी बसलेली दोन अमिनो आम्ले, हिस्टिडीन आणि आर्जिनीन, बदलली की टोपी बसत नाही. टोपी नाही तर संदेश पेशीला वाचता येत नाही. आपल्या शरीरात ही शिवण वेगळ्या पद्धतीने होते. म्हणजे या जागी नेम धरणारे औषध निघाले तर ते विषाणूचे काम थांबवील आणि आपल्या टोप्यांना धक्का लागणार नाही, अशी आशा करायला जागा आहे. औषध अजून निघालेले नाही. लस नाही. उंदरांवर चाचण्या झाल्या आहेत, माणसांपर्यंत अजून काही आलेले नाही.

तोवर आपल्या हातात जे आहे ते साधेच आहे. आजार पावसाळ्यातला, जून ते सप्टेंबर, म्हणजे आपले गणपती येतात तोच हंगाम. वाळूमाशी उंच किंवा लांब उडत नाही, भिंतीच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यांत राहते. आमच्या खेड्यांतल्या सभासदांना विनंती आहे की गणपतीपूर्वी घर सारवता, लिंपता तेव्हा गोठ्याची भिंतही त्यात घ्यावी आणि भेगा बुजवाव्यात. मुले जमिनीवर झोपत असतील तर मच्छरदाणी बारीक जाळीची लावावी, मोठ्या जाळीतून ही माशी आत शिरते. आणि ताप आलेल्या मुलाला झटका आला, ओकाऱ्या सुरू झाल्या, मूल गुंगीत जाऊ लागले, तर देवऋषी, घरगुती उपाय किंवा ‘सकाळी बघू’ यांत वेळ घालवू नये. रात्री कितीही वाजले असोत, आधी जिल्हा रुग्णालय गाठावे, आणि डॉक्टरांना गेल्या आठवड्यात मूल कोणत्या गावी झोपले होते ते आठवून सांगावे.